कॅब कॅलोवे: नुसता शोमन की खरा बँडलीडर?

प्रश्न असा आलाय की कॅब कॅलोवे हा अमेरिकन गायक जॅझमधला खरा बँडलीडर होता की पांढरा कोट घालून बँडपुढे नाचणारा शोमन, आणि रेडिओवर तर माणूस दिसतच नाही, मग ज्याची सगळी गंमत अंगात होती तो रेडिओवर एवढा गाजला कसा. त्याच्या आयुष्याबद्दलही सविस्तर लिहा असं म्हटलंय.

मी २८ वर्षं ऑर्केस्ट्रा चालवतोय, सुरुवातीला ट्रंपेट वाजवायचो, नंतर पुढे उभं राहून गायला आणि बँड सांभाळायला लागलो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. वाजवणाऱ्यांमध्ये एक समज फार खोल आहे की जो वाद्य वाजवतो तो म्युझिशियन आणि जो पुढे उभा राहतो तो शोभेचा. कॅलोवे सॅक्सोफोन थोडाफार वाजवायचा, ड्रम वाजवायचा, पण त्याच्यावर कोणी त्याला लक्षात ठेवलेलं नाही. तरीही माझं उत्तर स्पष्ट आहे, तो खरा बँडलीडर होता, आणि का ते त्याच्या आयुष्यातूनच कळतं.

जन्म २५ डिसेंबर १९०७, न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर. वडील वकील, आई शिक्षिका आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. म्हणजे शिकलेलं, नाकासमोर चालणारं कृष्णवर्णीय कुटुंब. तो दहा-अकरा वर्षांचा असताना ते बाल्टिमोरला आले, थोड्याच काळात वडील गेले. पोरगा शाळा बुडवायचा, पेपर विकायचा, बूटपॉलिश करायचा, पिम्लिको रेसकोर्सवर शर्यतीनंतर घोड्यांना फिरवून थंड करायचं काम करायचा. घोड्यांची ती ओढ पुढे त्याला महागात पडली. सुधारावा म्हणून त्याला पेनसिल्व्हेनियातल्या एका निवासी शाळेतही धाडलं होतं. पण परत आल्यावर आईने गाण्याची शिकवणी लावली, आणि ती शास्त्रशुद्ध आवाजाची तालीम होती, हे महत्त्वाचं आहे कारण त्याचे वरचे सूर ऐका, ओरडल्यासारखे वाटतात पण घसा कुठेही ताणलेला नाही, श्वास पोटातून येतो. चाळीस-पन्नास वर्षं आवाज टिकला तो त्यामुळे. आई-वडिलांच्या घराला जॅझ हा धंदा पसंत नव्हता, पण पोरगा शाळा सुटली की क्लबमध्ये. बाल्टिमोरच्याच चिक वेबसारख्या ड्रमरकडून त्याने ताल उचलला. शिवाय बास्केटबॉलही चांगला खेळायचा, अगदी व्यावसायिक टीमकडून. स्टेजवरची ती चपळाई कुठून आली ते यावरून कळेल.

आता त्याच्या बहिणीबद्दल, कारण तिला नेहमी एका ओळीत उरकतात आणि मला ते पटत नाही. ब्लांच कॅलोवे, त्याच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, त्याच्या आधी स्टेजवर गेलेली. १९२७ मध्ये 'प्लांटेशन डेज' या फिरत्या शोमध्ये त्याला काम मिळालं ते तिच्यामुळे, तिच्याच मागे तो शिकागोला गेला. घरच्यांना वाटत होतं पोराने बापासारखं वकील व्हावं, म्हणून तिथल्या क्रेन कॉलेजात नाव घातलं, पण रात्री गाणं आणि दिवसा कायदा हे कितीसं जमणार, कॉलेज सुटलं. बँडपुढे पळत येणं, अंग झोकून देणं, गाताना प्रेक्षकांना हाक देणं हे सगळं ब्लांच आधीपासून करत होती. १९३१ पासून तिने स्वतःचा बँड चालवला, 'जॉय बॉइज', सगळे पुरुष वादक आणि लीडर एक बाई, अमेरिकेत हे तोपर्यंत कोणी केलेलं नव्हतं. १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या याझू सिटीत एका पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरलं म्हणून तिला अटक झाली, ती कोठडीत असताना बँडच्याच एका माणसाने पैसे घेऊन पोबारा केला, तिला स्वतःची गाडी विकून बाहेर पडावं लागलं. दोन वर्षांत बँड मोडला. भाऊ मात्र त्याच काळात देशातल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या बँडलीडरांपैकी एक होता. दोघांचे गुण सारखेच, पण एकाला योग्य वेळी योग्य दार उघडं मिळालं.

ते दार म्हणजे कॉटन क्लब. पण त्याआधी शिकागोत सनसेट कॅफेमध्ये त्याला ट्रंपेटवाला आणि गायक लुई आर्मस्ट्राँग जवळून बघायला मिळाला. स्कॅट, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवर वाद्यासारखं गाणं, ते त्याने तिथे आर्मस्ट्राँगचं ऐकून उचललं. (आपल्याकडे सी. रामचंद्रांचं 'ईना मीना डिका' आठवा म्हणजे कल्पना येईल.) १९२९ मध्ये तो 'अलाबामियन्स' नावाचा बँड घेऊन न्यूयॉर्कला सॅव्हॉय बॉलरूममध्ये, म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये, आला आणि तिथे दोन बँडची जुगलबंदी असायची त्यात 'मिझोरियन्स' नावाच्या बँडने त्यांना धुऊन काढलं. बँड हरला, पण पुढे उभा असलेला पोरगा लोकांच्या लक्षात राहिला. मग आर्मस्ट्राँगच्या शिफारशीवर ब्रॉडवेच्या 'हॉट चॉकलेट्स' या शोमध्ये काम मिळालं आणि १९३० मध्ये ज्यांनी हरवलं होतं त्याच मिझोरियन्सनी त्याला आपला लीडर केला. मला ही गोष्ट फार आवडते. चांगले वाजवणारे होते ते, आपल्यात काय कमी आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं.

कॉटन क्लब हार्लेममध्ये, १४२ वा रस्ता आणि लेनॉक्स अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर. मालक ओनी मॅडन, दारूबंदीच्या काळातला गँगस्टर. वाजवणारे, गाणारे, नाचणाऱ्या मुली, वेटर सगळे कृष्णवर्णीय आणि समोर बसणारं गिऱ्हाईक फक्त गोरं. सजावट तर मळ्यावरच्या गुलामगिरीच्या दिवसांची. हार्लेममध्येच राहणाऱ्या माणसाला हार्लेममधल्या त्या क्लबात बसता येत नव्हतं. तिथला घरचा बँड ड्यूक एलिंग्टनचा, तो बाहेरगावी जायला लागला तेव्हा बदली म्हणून कॅलोवेला बोलावलं आणि १९३१ पासून तो तिथलाच झाला.

आता रेडिओ. क्लबमधून टेलिफोनच्या तारेने आवाज स्टेशनला जायचा आणि तिथून एनबीसी या रेडिओ कंपनीच्या नेटवर्कवर देशभर, आठवड्यातून दोनेकदा, रात्री उशिरा. अशा प्रसारणातून बँडला सरळ मोठा पैसा मिळतो असं नाही, ती जाहिरात असते. आज रात्री ओहायोत, टेक्सासमध्ये, कुठल्या खेड्यात माणूस घरात बसून ऐकतो आणि सहा महिन्यांनी तोच बँड त्याच्या गावी आला की तिकीट काढतो. मॅनेजर आयर्विंग मिल्स, एलिंग्टनचाही तोच, त्याला हे गणित पाठ होतं, प्रसारण, रेकॉर्ड, छापील नोटेशनची विक्री, मग दौरा, एकाने दुसरं विकायचं. गाण्याच्या श्रेयात स्वतःचं नाव घालायचीही त्याची पद्धत होती. आणि एक गोष्ट विसरू नका, ज्या कृष्णवर्णीय माणसाला क्लबच्या दारातून आत सोडत नव्हते त्याच्या घरात तोच कार्यक्रम रेडिओवरून पोचत होता. मोठ्या नेटवर्कवरचं रंगाचं कुंपण मोडणाऱ्या पहिल्या नावांत एलिंग्टन आणि कॅलोवे ही दोन आहेत.

पण न दिसणारा शोमन गाजला कसा? याचं उत्तर एका गाण्यात आहे, 'मिनी द मूचर', रेकॉर्डिंग ३ मार्च १९३१, ब्रन्सविक कंपनी. चाल 'सेंट जेम्स इन्फर्मरी' या जुन्या गाण्याच्या वळणाची, गोष्ट एका जुन्या लोकगीताच्या वळणाची, शब्दांत अफूच्या अड्ड्यांवरची बोली जी ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना कळलीही नसेल. दहा लाखांवर प्रती खपल्याचं सांगितलं जातं. कॅलोवेने १९७६ च्या आत्मचरित्रात सांगितलंय की एकदा थेट प्रसारण चालू असताना तो शब्द विसरला, गप्प बसता येईना, म्हणून तोंडाला येईल ते हाय-डी-हाय, हाय-डी-हो म्हणत सुटला, बँडला उलट म्हणायला लावलं, मग समोरच्या लोकांना, आणि सगळा क्लब ओरडायला लागला.

जो स्टेजवर शब्द विसरलाय त्याला हे वाचताना घाम फुटतो. माझ्यावर गणपतीच्या एका कार्यक्रमात ही वेळ आली, अंतरा डोक्यातून साफ गेला, ढोलकीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी माइक लोकांकडे केला आणि मुखडा त्यांनी म्हटला. त्या चार ओळींनी कार्यक्रम वाचला. पण मी ते वाचण्यासाठी केलं, कॅलोवेने ते दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा केलं आणि त्याची रीतसर बांधणी केली, फरक इथे आहे. नीट ऐका, पहिली हाक सोपी असते, कोणालाही म्हणता येईल अशी. दुसरी थोडी लांब. तिसरीला लय वाढते, अक्षरं वाकडीतिकडी होतात, आणि शेवटची इतकी लांब आणि वेगवान की कोणालाच म्हणता येत नाही, बँडसुद्धा हसत सोडून देतो. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी आत घेतलं, मग हरवलं, आणि हरल्याचा आनंद दिला. आपल्या पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी जी जी करून उचलतात, तिथे झील धरणारे ठरलेले असतात. कॅलोवेने समोरचा प्रत्येक माणूस झीलकरी केला. रेडिओवर हे दुप्पट चालतं कारण घरी बसलेल्याला कोट दिसत नाही, नाच दिसत नाही, पण दोनशे माणसं एका आवाजात उत्तर देतायत हे ऐकू येतं आणि हाक आणि उत्तर यांच्यामध्ये जी रिकामी जागा सोडलेली असते ती त्याच्यासाठीच असते. माझ्या मते रेडिओच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ही जागा त्याच्याइतकी नेमकी फार कमी जणांना कळली.

त्याचं अंग दिसायला हवं असेल तर फ्लायशर स्टुडिओची बेटी बूपची कार्टून्स बघा. १९३२ च्या कार्टूनच्या सुरुवातीला तो स्वतः बँडपुढे डुलताना दिसतो, ही त्याची मिळालेली सगळ्यात जुनी फिल्म. मग गुहेतलं वॉलरसचं भूत नाचायला लागतं आणि ते हुबेहूब कॅलोवेसारखं, कारण त्याच्या नाचाचं शूटिंग करून एकेका फ्रेमवरून चित्रं गिरवली होती, या तंत्राला रोटोस्कोप म्हणतात. मागे सरकत जायची ती पावलं बघून आजच्या पोरांना मायकल जॅक्सन आठवतो.

१९३८ मध्ये त्याने हार्लेमच्या वादकांच्या बोलीचा छोटा शब्दकोश काढला, 'हेप्स्टर्स डिक्शनरी', जॅम म्हणजे काय, कॅट म्हणजे कोण वगैरे, त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. १९४१-४२ मध्ये 'क्विझिकेल' नावाचा रेडिओवरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रमही केला, के कायझर हा बँडलीडर कॉलेजच्या प्राध्यापकाचं सोंग घेऊन जी प्रश्नमंजुषा करायचा तिची ती फिरकी होती. कृष्णवर्णीय कलाकाराला स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळणं त्या काळात किती कठीण होतं हे लक्षात घेतलं तर ही छोटी गोष्ट नाही.

आता मुख्य मुद्दा, बँड. माझं मत आहे की लीडरची परीक्षा त्याच्याकडे कोण टिकलं आणि त्यांनी तिथे काय वाजवलं यावर करायची. मिल्ट हिंटन, बास वाजवणारा, १९३६ मध्ये आला आणि १९५१ पर्यंत राहिला. पंधरा वर्षं! ज्याने बँड चालवलाय त्याला या आकड्याचं वजन कळेल, माझ्याकडे बासवाला पाच वर्षं टिकला तर मी देवाला नारळ फोडतो. हिंटन सोबत कॅमेरा बाळगायचा, आयुष्यभरात त्याने हजारो फोटो काढले, दौऱ्यावरचं वादकांचं जगणं आज दिसतं ते त्याच्यामुळे. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळत नव्हती, जेवायला बसू देत नव्हते, म्हणून कॅलोवे बँडसाठी रेल्वेचा अख्खा पुलमन डबा, म्हणजे झोपायची सोय असलेला डबा, घ्यायचा, कार्यक्रम झाला की सगळे डब्यात येऊन झोपायचे. पगार त्या काळात उत्तम आणि वेळेवर, सुट्टी पगारी. बदल्यात शिस्त कडक, कपडे इस्त्रीचे, उशीर चालायचा नाही, स्टेजवर गंमतजंमत नाही. मंदीच्या काळात दुसरे बँड पैसे बुडवून रस्त्यात मोडत होते, तेव्हा चांगले वादक इथे का यायचे हे उघड आहे. सॅक्सोफोनवाला बेन वेबस्टर येऊन गेला. १९३७ मध्ये चू बेरी आला, टेनर सॅक्सोफोन, आणि माझ्या मते बँडचं वाजवणं खऱ्या अर्थाने वरच्या पायरीवर नेलं ते त्याने. त्याच्यामागे ड्रमवर कोझी कोल, गिटारवर डॅनी बार्कर. चू बेरी १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये पुढच्या कार्यक्रमाला जाताना ओहायोत मोटारीच्या अपघातात गेला, तिशी नुकतीच ओलांडली होती.

आणि डिझी गिलेस्पी. त्याला १९३९ मध्ये बँडमध्ये आणायला ट्रंपेटवाला मारिओ बाउझा कारणीभूत, क्यूबाचा माणूस, त्याच्याच सोबतीत डिझीला क्यूबन तालाची गोडी लागली, पुढे जॅझ आणि क्यूबन संगीताची जी सांगड झाली तिचं एक मूळ या बँडच्या ट्रंपेटच्या रांगेत आहे. डिझी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा, नवनवीन सूर शोधणारा, आणि कॅलोवेला ते सोलो अजिबात आवडायचे नाहीत, हे चिनी संगीत माझ्या बँडमध्ये नको म्हणायचा. इथे तो चुकला असं मी म्हणतो. समोरच्या रांगेतल्या पोराकडे उद्याचं संगीत होतं आणि त्याला ते ऐकू आलं नाही. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये हार्टफर्डला कार्यक्रम चालू असताना कोणीतरी कागदाचा ओला बोळा फेकला, कॅलोवेने नाव घेतलं डिझीचं, पडद्यामागे बाचाबाची, हातघाई, डिझीने चाकू काढला आणि कॅलोवेला जखम झाली, टाके पडले. डिझीला तिथल्या तिथे काढलं. बोळा बँडमधल्याच जोना जोन्सने फेकला होता हे पुढे बाहेर आलं. नंतर दोघांचं मिटलं. लीडरने सगळ्यांदेखत चुकीच्या माणसावर आळ घेतला की काय होतं ते मी माझ्या बँडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मॅनेजरला याच गोष्टीवरून सांगतो.

पण याच माणसाने याच डिझीची 'पिकिन द कॅबेज' ही रचना १९४० मध्ये रेकॉर्ड केली. १९३९ मध्ये 'प्लकिन द बास' नावाचा तुकडा पूर्ण हिंटनच्या बाससाठी दिला, बासवाल्याला रेकॉर्डची अख्खी बाजू देणारे लीडर त्या काळात किती होते? आणि १९४० चं 'घोस्ट ऑफ अ चान्स', त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत चू बेरी, लीडर एक सूरही गात नाही. ज्याचं नाव रेकॉर्डवर मोठ्या अक्षरात छापलंय आणि ज्याच्या आवाजावर रेकॉर्ड खपते त्याने तीन मिनिटं गप्प राहायचं ठरवलं. नुसता शोमन असता तर हे केलं नसतं.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर' सिनेमात तो लांबरुंद झूट सूट घालून दिसतो, त्याच सिनेमात त्याच्या बँडवर निकोलस बंधू जिन्यावरून उड्या मारत नाचतात, ते बघितलं नसेल तर आजच बघा. डिसेंबर १९४५ मध्ये कॅन्सस सिटीत तो मित्र लायनेल हॅम्प्टनचा कार्यक्रम ऐकायला एका बॉलरूममध्ये गेला, आत सोडलं नाही, पोलिसाने डोक्यात मारलं, वर त्यालाच अटक. हॅम्प्टनला कळलं तेव्हा त्याने कार्यक्रम पुढे वाजवायला नकार दिला. एवढं नाव, एवढा पैसा, आणि दारात हे. युद्धानंतर मोठे बँड परवडेनासे झाले, वादकांचे पगार, प्रवास, लोकांची आवड गायकांकडे वळलेली, १९४८ पर्यंत त्याचाही मोठा बँड बंद झाला आणि पाच-सहा जणांवर आला. घोड्यांच्या जुगारातही बराच पैसा गेला.

मग १९५२ मध्ये 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरात स्पोर्टिन लाइफची भूमिका आली. ऑपेराचा संगीतकार गर्श्विनने ते पात्र लिहिताना डोळ्यापुढे कॅलोवेच ठेवला होता असं सांगतात, म्हणजे सतरा वर्षांनी भूमिका मूळ माणसाकडे आली. १९६७ मध्ये पर्ल बेलीसोबत ब्रॉडवेवर 'हॅलो, डॉली!'. १९८० मध्ये 'द ब्लूज ब्रदर्स' सिनेमात बहात्तरीच्या वयात पांढरा टेलकोट घालून त्याने पुन्हा मिनीचं गाणं म्हटलं. आधी दोनेक वर्षं त्याने या गाण्याची डिस्को आवृत्ती काढली होती आणि सिनेमात तीच घ्यावी असं त्याला वाटत होतं, दिग्दर्शक जॉन लँडिसने जुन्या थाटाचाच हट्ट धरला. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मिळालं, १९९४ च्या जूनमध्ये पक्षाघात झाला आणि १८ नोव्हेंबरला डेलावेअर राज्यात तो गेला, ८६ वर्षांचा होता.

ऐकायला सुरुवात करायची तर व्हिडिओ लावू नका, मोबाइल उलटा ठेवा, हेडफोन घाला आणि १९३१ चं मिनी ऐका, हाकेनंतर तो किती थांबतो ते बोटांवर मोजा, बँड उत्तर देतो त्यातही एकेकाचा आवाज वेगळा ओळखू येतो. त्यानंतर लगेच 'घोस्ट ऑफ अ चान्स' लावा.